विमानाचे तिकीट बदलणे इतके अवघड कसे झाले? नावाला बांधलेल्या एका आसनाचा इतिहास

१.
विमानाच्या तिकिटावर काय काय असले पाहिजे, याची यादी १९२९ साली वॉर्सा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात दिलेली आहे. तिकीट कोठे व कोणत्या तारखेस दिले, प्रवास कोठून कोठे, वाटेतील ठरलेले थांबे कोणते, कंपनीचे नाव व पत्ता काय आणि नुकसानभरपाईचे नियम लागू असल्याची सूचना. एवढेच. प्रवाशाचे नाव त्या यादीत नाही.

२.
आज परिस्थिती नेमकी उलट आहे. बाकी सारे बदलू शकते. नाव मात्र बदलत नाही. घरातल्या चौघांपैकी एकट्या आईचा परतीचा प्रवास दोन दिवस पुढे न्यायचा म्हटला, तरी फोनवर तासभर संगीत ऐकावे लागते, तीच माहिती तीन जणांना सांगावी लागते आणि शेवटी उत्तर मिळते : "सिस्टीम परवानगी देत नाही." ही 'सिस्टीम' कोणी, केव्हा आणि कशासाठी उभारली, हा आजच्या धाग्याचा विषय.

३.
सुरुवातीसच मुद्दा सांगून ठेवतो. ही अडवणूक कोणा एका उद्धट कर्मचाऱ्याची करणी नव्हे. करार, नोंदवही, भाव, ओळखपत्र आणि फोन असे पाच थर गेल्या शंभर वर्षांत एकावर एक चढले. प्रत्येक थर त्या त्या काळच्या खऱ्या अडचणीवरचा उपाय होता. पण सारे एकत्र आल्यावर असे घडले की 'नाही' म्हणणारे पुष्कळ उरले आणि 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाच्याच हाती राहिला नाही. आता क्रमाने पाहू.

४.
१ जानेवारी १९१४. अमेरिकेतील फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग आणि टॅम्पा या दोन शहरांदरम्यान, पाण्यावर उतरणाऱ्या एका लहानशा विमानाने, वेळापत्रकानुसार चालणारी जगातील पहिली प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वैमानिकाशेजारी प्रवासी एकच; प्रवास सुमारे २३ मिनिटांचा. नेहमीचे भाडे ५ डॉलर ठरले होते, पण पहिल्या फेरीची जागा लिलावात ४०० डॉलरला गेली. एकाच आसनाचे दोन माणसांकडून दोन भाव घेता येतात, ही गोष्ट या धंद्याने पहिल्याच दिवशी पाहिली. तिचा पुरता उपयोग करायला मात्र त्याला आणखी सत्तर वर्षे लागली.

५.
आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेथून पुढे मद्रासपर्यंत उड्डाण केले. त्या विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. टपालाच्या पिशवीला ऐन वेळी तारीख बदलावीशी वाटत नाही, तिची आई आजारी पडत नाही. विमानव्यवसायाची बाल्यावस्था अशा बिनतक्रार गिऱ्हाइकांच्या संगतीत गेली.

६.
पहिला थर : करार. वॉर्सा करारातील तिकिटाचा हेतू फार वेगळा होता. अपघात झाल्यास कंपनीने द्यावयाच्या भरपाईला त्या कराराने कमाल मर्यादा घातली : दर प्रवाशामागे १,२५,००० फ्रँक. त्याचबरोबर अशी अट घातली, की कंपनीने तिकीट न देता प्रवासी घेतला, तर तिला या मर्यादेचा आधार घेता येणार नाही. म्हणजे प्रवाशाच्या हातात पडणारा तो कागद त्याच्या हक्कांच्या सनदेपेक्षा कंपनीच्या जबाबदारीची वेस दाखवणारी सूचना अधिक होता. 'हे आसन कोणाचे?' हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता.

७.
१९४५ च्या एप्रिलमध्ये क्यूबाची राजधानी हवाना येथे विमान कंपन्यांची संघटना 'आयाटा' स्थापन झाली. तिच्या छत्राखाली भाडी ठरू लागली आणि एका कंपनीचे तिकीट दुसरी कंपनी मान्य करू लागली. ज्यांनी जुनी तिकिटे पाहिली असतील, त्यांना लाल कार्बन लावलेली ती पातळ पुस्तिका आठवेल. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला एक कूपन, आणि त्या कूपनाला जवळपास चलनी नोटेचे मोल. पूर्ण भाड्याचे तिकीट असेल, तर आजचे विमान सोडून उद्याचे घेता येई, एका कंपनीऐवजी दुसरीने जाता येई, तिकीट न वापरल्यास पैसेही परत मिळत.

८.
हे औदार्य कोठून आले? भाव सगळीकडे सारखाच होता म्हणून. अमेरिकेत भाडी सरकारचे 'सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड' मंजूर करी. आपल्याकडे १९५३ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. आठ देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेले. सोमवारचे आसन आणि बुधवारचे आसन एकाच किमतीचे असेल, तर अदलाबदलीत कोणाचेच नुकसान नसते. पण या सोयीची किंमतही ध्यानात घ्या : विमानाने जाणे ही मोजक्यांची चैन होती. सामान्य कुटुंबाला तिकीट बदलताना त्रास होत नसे, कारण त्या कुटुंबाकडे तिकीटच नसे.

९.
दुसरा थर : नोंदवही. १९३०-४० च्या दशकांत आरक्षण म्हणजे पुठ्ठ्याची कार्डे. फिरत्या गोल मेजाभोवती कारकून बसत, मेजावर प्रत्येक उड्डाणाचे कार्ड असे आणि जागा विकली की त्यावर खूण होई. दूरच्या शहरातील एजंटाने फोन वा तार करून जागा मागायची आणि उत्तराची वाट पाहायची. अमेरिकन एअरलाइन्समध्ये एका आरक्षणाचे सारे सोपस्कार उरकायला सरासरी दीड तास लागे. त्यात चूक झाली, तर एका आसनावर दोन प्रवासी हजर.

१०.
१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात दोन 'स्मिथ' शेजारी-शेजारी बसले. एक होते अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्री प्रतिनिधी ब्लेअर स्मिथ. आयबीएम त्या सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या 'सेज' या संगणकीय संरक्षणजाळ्याच्या कामात गुंतलेली होती. शत्रूच्या विमानांची क्षणोक्षणी नोंद ठेवता येत असेल, तर आपल्या विमानांतील रिकाम्या आसनांची का ठेवता येऊ नये? या गप्पांतून 'सेबर' ही आरक्षणप्रणाली जन्मली. १९६४ पर्यंत ती पूर्ण चालू झाली आणि तासांचे काम सेकंदांवर आले.

११.
या यंत्राच्या पोटात आसनाइतकेच महत्त्व आले ते 'पॅसेंजर नेम रेकॉर्ड'ला. आपण ज्याला पीएनआर म्हणतो, ते हेच. नोंद पुरी होण्यास पाच गोष्टी लागतात : प्रवाशाचे नाव, प्रवासाचा मार्ग, संपर्क, तिकिटाची व्यवस्था आणि पाचवी म्हणजे ही मागणी कोणाकडून आली. मुलाने आईसाठी फोन केला, नवऱ्याने बायकोसाठी केला, तर ते नोंदवायची जागा या रचनेत पहिल्यापासून आहे. प्रवासी एक आणि बोलणारा दुसरा, हे तेव्हाच्या अभियंत्यांनीही गृहीत धरले होते. त्या बोलणाऱ्याला अधिकार किती, याचे उत्तर मात्र यंत्राने दिले नाही.

१२.
कुटुंबातील एकाचेच उड्डाण बदलणे इतके किचकट का होते, याचे तांत्रिक कारण येथेच आहे. एका पीएनआरमधील सारे प्रवासी एकाच मार्गाने जाणार, असे ती नोंद मानते. चौघांपैकी एकाची तारीख बदलायची, तर आधी नोंदीची फाळणी करावी लागते. त्या एकाला वेगळी नोंद आणि वेगळा क्रमांक मिळतो, आणि मगच बदल करता येतो. माणसाच्या दृष्टीने आई दोन दिवस मागे थांबली. यंत्राच्या दृष्टीने ती कुटुंबातून विभक्त झाली. फाळणी अर्धवट राहिली, तर निवडलेले आसन, विशेष जेवण किंवा चाकाची खुर्ची जुन्या नोंदीतच राहून जाण्याची भीती असते. म्हणून अशा बदलानंतर या सेवा नव्या क्रमांकावर पुन्हा तपासून घ्याव्यात.

१३.
नावाचेही तसेच. ही यंत्रे तारायंत्राच्या वंशातली : सारी अक्षरे मोठी रोमन, आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव. ज्यांच्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी मराठी पद्धतीची तीन पदे असतात, त्यांनी कोणते पद कोठे भरायचे? लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचे पारपत्र एका नावाचे आणि तिकीट दुसऱ्या नावाचे निघाले, की दारावर अडचण येते. एकेकाळी कारकून पेनाने दुरुस्त करून शिक्का मारील एवढीच ही गोष्ट होती. आता ती दोन नोंदी न जुळण्याची घटना झाली आहे.

१४.
नोंदवही अचूक झाल्यावर एक जुना आजार स्पष्ट दिसू लागला. जागा राखून ठेवणारे कित्येक प्रवासी येतच नसत. पूर्ण परतावा मिळत असल्याने न येण्याची किंमत त्यांना मोजावी लागत नसे. ती रिकामी उडणाऱ्या खुर्चीच्या रूपाने कंपनी मोजी. तेव्हा कंपन्या आसनांपेक्षा अधिक आरक्षणे करू लागल्या. सगळेच आले, तर कोणाला तरी उतरवायचे. आणि बहुधा जो उशिरा आला, त्याला.

१५.
२८ एप्रिल १९७२ रोजी असे ज्याला मागे ठेवले गेले, तो माणूस होता राल्फ नेडर, अमेरिकेतील ग्राहक चळवळीचा सर्वांत ठळक नेता. वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेसाठी निघालेल्या नेडरचे अलेघेनी एअरलाइन्सवरील आरक्षण पक्के होते. तथापि १०० आसनांसाठी १०७ आरक्षणे पक्की केलेली होती. नेडर न्यायालयात गेला. ७ जून १९७६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की क्षमतेबाहेर आरक्षण करण्याची प्रथा प्रवाशांपासून लपवून ठेवल्याबद्दल कंपनीवर फसवणुकीचा दावा चालू शकतो. सरकारी नियामक मंडळ आहे म्हणून न्यायालयाची दारे बंद होत नाहीत.

१६.
त्याचा परिणाम झाला. १९७८ साली, अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान अध्यक्ष असलेल्या त्या नियामक मंडळाने नियम केला, की कोणालाही सक्तीने उतरवण्याआधी मोबदल्याची तयारी दाखवून 'स्वखुशीने कोण थांबेल?' असे विचारावे. ही कल्पना ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने दहा वर्षे आधी मांडली होती आणि कंपन्यांनी ती हसण्यावारी नेली होती. आज ती इतकी रुळली आहे, की कोणे एके काळी ती अव्यवहार्य मानली जात होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१७.
तिसरा थर : भाव. १९७२ साली ब्रिटनच्या बीओएसी या कंपनीतील केनेथ लिटलवुड यांनी एक साधा प्रश्न मांडला. स्वस्तात आसन मागणारा प्रवासी आज समोर उभा आहे. त्याला ते द्यावे, की उद्या येणाऱ्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशासाठी राखून ठेवावे? उत्तर असे : उद्या तो येण्याची शक्यता आणि त्याचे भाडे यांचा गुणाकार आजच्या स्वस्त भाड्यापेक्षा अधिक भरत असेल, तर आजच्याला नाही म्हणा. विमान व्यवसायातील भावाचे सारे गणित या एका वाक्यावर उभे आहे.

१८.
२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानसेवा नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. भाव मोकळे झाले, नव्या कंपन्या आल्या. १९८१ साली पीपल एक्स्प्रेस उतरली. तिच्या तिकिटांचे दर पाहून जुन्या कंपन्या हबकल्या. सगळीच भाडी तिच्याइतकी उतरवली, तर आपण बुडणार. न उतरवली, तर प्रवासी जाणार. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी तिसरा मार्ग काढला : त्याच विमानातील काही आसने तिच्या भावात विकायची आणि बाकीची नेहमीच्या चढ्या भावात.

१९.
पण स्वस्त आसन नेमके स्वस्तवाल्यालाच कसे पोहोचवायचे? कंपनीच्या खर्चाने फिरणारा अधिकारीही तेच घेईल. त्यासाठी कुंपण हवे. १९७७ च्या 'सुपर सेव्हर' भाड्यापासून हे कुंपण घालायला सुरुवात झाली होती. जानेवारी १९८५ च्या 'अल्टिमेट सुपर सेव्हर'ने ते भक्कम केले. तिकीट कित्येक दिवस आधी घ्या, शनिवारची रात्र मुक्कामी काढा, आणि बेत बदलल्यास पूर्ण परताव्याची आशा ठेवू नका. अधिकाऱ्याचा बेत ऐन वेळी ठरतो आणि ऐन वेळी बदलतो. म्हणून 'बदल' हीच त्याला ओळखण्याची खूण ठरली. पीपल एक्स्प्रेस फार काळ टिकली नाही. दोन वर्षांच्या आत तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

२०.
या साऱ्या इतिहासाचा कळीचा क्षण हाच आहे. तिकीट बदलण्याचा दंड हा कामाचा मोबदला म्हणून ठरलेला नाही. बदल करायला लागणाऱ्या श्रमांशी त्याचे प्रमाण जुळत नाही, ते यामुळेच. ज्याला बदलणे भाग आहे, त्याच्याकडून अधिक घेता येते, या गणितातून तो निघाला. आणि ज्याला बदलणे भाग आहे, अशी माणसे दोन प्रकारची असतात. एकाची बैठक पुढे ढकललेली असते. दुसऱ्याच्या घरी कोणी अत्यवस्थ असते. दोघेही ऐन वेळी येतात, दोघांनाही दुसरा पर्याय नसतो. गणिताला दोघांचे चेहरे एकसारखे दिसतात.

२१.
हा फरक ओळखण्याची सोय काही काळ होती. अमेरिकेतील काही कंपन्या घरात मृत्यू झाल्यास सवलतीचे भाडे देत. नाते, रुग्णालय किंवा अंत्यसंस्काराची माहिती सांगितली, की कारकून ते लावून देई. पुढे अनेक कंपन्यांनी ही सवलत बंद केली. कारण स्पष्ट होते : नियमांच्या कोष्टकात बसत नाही, माणसाला विचारून ठरवावे लागते. भाड्याचे नियम आता क्रमांकित प्रकारांत यंत्रांना पुरवले जातात. भाड्यांची माहिती जगभर वाटणाऱ्या 'एटपको' या विमान कंपन्यांच्याच संस्थेच्या पद्धतीत १६ वा प्रकार दंडाचा आहे. फोनवरील कर्मचारी आपल्याशी बोलतो, तेव्हा तो हे कोष्टक वाचून दाखवत असतो.

२२.
चौथा थर : ओळखपत्र. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानात चढताना ओळखपत्र पाहण्याचा पक्का नियम नव्हता. लोक न वापरलेली तिकिटे वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींद्वारे विकत. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले टीडब्ल्यूएचे विमान समुद्रावर फुटून कोसळले. घातपाताचा संशय आला, उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि याच काळात ओळखपत्राची सक्ती रूढ झाली. पुढे सविस्तर चौकशीत निष्कर्ष निघाला, की तो बॉम्ब नव्हता. इंधनटाकीतील स्फोट होता. सक्ती मात्र राहिली.

२३.
सुरक्षेसाठी आलेला नियम महसुलालाही फार सोयीचा ठरला. तिकिटांची जुनी फेरविक्री संपली, कुंपणाला शेवटचा खांब मिळाला. नाव बदलू न देण्याचे कारण निव्वळ सुरक्षा असते, तर ते कोठेच बदलता आले नसते. युरोपातील काही स्वस्त कंपन्या मात्र ठरावीक शुल्क घेऊन नाव बदलून देतात. १ जून २००८ पासून आयाटाने कागदी तिकीट बंद केले. हातातली पुस्तिका गेली, तिच्याबरोबर 'हे माझ्याजवळ आहे' हा आधारही गेला; उरली ती कंपनीच्या यंत्रातील एक नोंद.

२४.
पाचवा थर : फोन. १९६७ साली अमेरिकेत ज्याला फोन केला त्याने बिल भरायची '८००' क्रमांकाची सेवा निघाली. १९७३ साली रॉकवेल कंपनीने कॉन्टिनेंटल एअरलाइन्ससाठी, येणारे फोन रांगेत लावून रिकाम्या कर्मचाऱ्याकडे आपोआप वळवणारे यंत्र बसवले. आजच्या कॉल सेंटरचा हा पूर्वज. म्हणजे ताटकळत ठेवण्याची कला ज्या धंद्यांत प्रथम यांत्रिक झाली, त्यांत विमान व्यवसाय अग्रभागी होता. नरीमन पॉइंटच्या बुकिंग ऑफिसात समोर बसलेल्या बाबूला नाव असे, चेहरा असे, गळ घालता येई, वरच्या साहेबाला भेटता येई. रांगेतील फोन दर वेळी नव्या माणसाकडे जातो आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

२५.
या थराशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने आपले पाठीमागचे कामकाज सांभाळण्यासाठी मुंबईत एक विभाग सुरू केला. तोच पुढे 'डब्ल्यूएनएस' ही मोठी स्वतंत्र कंपनी झाली. मुंबई-पुण्यातील हजारो तरुणांना या प्रकारच्या कामाने पहिली नोकरी दिली. म्हणून अडकलेल्या प्रवाशाने एक गोष्ट विसरू नये : तारेच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारख्याच घरातले कोणी बसलेले असू शकते. एका फोनला किती मिनिटे लागली, हे त्याच्या नावावर मोजले जाते. समोरच्याची अडचण त्याला कळते, पण त्याच्या पडद्यावर 'हो'ची कळच दिलेली नसते.

२६.
आता एक तुलना. भारतीय रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातील ५३ वे कलम तिकीट दुसऱ्यास देण्यास मनाई करते. पण त्याच कलमात आरक्षित प्रवाशाचे नाव बदलून देण्याची वाट ठेवलेली आहे. नियमानुसार गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास पक्के आरक्षण आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती वा पत्नी यांच्या नावे करता येते. काळाबाजार करणाऱ्या दलालांसाठी त्याच कायद्यात १४३ व्या कलमाची वेगळी शिक्षा आहे. म्हणजे रेल्वेने दलाल आणि कुटुंब यांत फरक केला. ही वाट सोपी आहे असे नव्हे. स्थानकावर जावे लागते, नाते दाखवावे लागते. पण 'कुटुंब' हा शब्द तिच्या नियमात आहे. विमानाच्या नोंदीत मात्र प्रौढ प्रवासी हा एकटाच असतो.

२७.
आपल्याकडे १९९४ साली १९५३ चा कायदा रद्द झाला, २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त प्रवासाचे युग आणले आणि कुंपणांचे शास्त्रही आले. त्याचा लाभ नाकारता येणार नाही. ज्यांच्या मागच्या पिढीने विमान फक्त आकाशात पाहिले, ती कुटुंबे आत बसू लागली. स्वस्त तिकीट आणि ताठर तिकीट ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न ताठरपणा किती असावा आणि तो कोणी ठरवावा, एवढाच आहे.

२८.
आणि येथे नेडरचा प्रसंग उपयोगी पडतो. हे नियम निसर्गाने केलेले नाहीत. २०१२ पासून अमेरिकेत, प्रवासाला आठवडा वा अधिक अवकाश असल्यास, आरक्षणानंतर २४ तासांत ते विनादंड रद्द करण्याची मुभा मिळाली. आपल्या नागरी विमान महासंचालनालयाने २०१६ साली रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक नसावे, असे बजावले. २०१९ च्या प्रवासी सनदेत, प्रवास सात दिवस वा अधिक दूर असल्यास, पहिल्या २४ तासांत बदल विनाशुल्क केला आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या तिकिटातील नावाची चूक त्याच मुदतीत दाखवल्यास दुरुस्ती फुकट ठरवली.

२९.
सर्वांत बोलके उदाहरण २०२० चे. २०१९ या एका वर्षात अमेरिकेतील विमान कंपन्यांनी केवळ आरक्षण बदलण्याच्या व रद्द करण्याच्या शुल्कातून सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले होते. हे शुल्क काढले, तर धंदा चालणार नाही, असे वर्षानुवर्षे भासवले गेले. महासाथीत प्रवासी नाहीसे झाले आणि ऑगस्ट २०२० अखेर युनायटेडने, पाठोपाठ डेल्टा व अमेरिकन यांनी, देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरील बदल-शुल्क रद्द केले. साउथवेस्ट ही कंपनी तर ते कधीच घेत नव्हती. गरज लागली, तेव्हा सिस्टीमने परवानगी दिली.

३०.
म्हणून पुढच्या वेळी 'सिस्टीम परवानगी देत नाही' हे वाक्य कानी पडले, तर त्याचा इतिहास आठवावा. वॉर्साचा करार, स्मिथद्वयाची नोंदवही, क्रँडलचे कुंपण, १९९६ चे ओळखपत्र आणि १९७३ ची फोनरांग ही सारी मंडळी त्या वाक्यात दडलेली आहेत. बोलणाऱ्यावर संतापून उपयोग नाही. नियमाचे नाव विचारावे, तो लेखी मागावा, तक्रारीचा क्रमांक घ्यावा. नेडरला त्या दिवशी आसन मिळाले नाही. पण त्याने विचारलेल्या प्रश्नामुळे पुढच्या प्रवाशाला उतरवण्याआधी विचारणे कंपन्यांना भाग पडले. रेल्वेच्या नियमातील तो आठ नात्यांचा शब्दसमूह विमानाच्या नियमातही यावा, असे म्हणणारे पुरेसे लोक निघाले, तर तोही केवळ एका ओळीचा बदल आहे.

धागा समाप्त. आपल्या घरी लाल कार्बनचे जुने विमान तिकीट जपून ठेवलेले असेल, तर त्यावरील अटी एकदा बारकाईने वाचून पाहा. आपल्या आजच्या तिकिटापेक्षा त्या किती वेगळ्या होत्या, हे तेथेच दिसेल.